दोन लांब, एक आखूड

थांबा, मी बोलतोय. आजवर लोकच माझ्यातून बोलत आले, त्यामुळे माझा स्वतःचा आवाज जरा घोगरा वाटेल. मी भिंतीवरचा टेलिफोन. ओकच्या लाकडाची पेटी, कपाळावर दोन पितळी घंटा, पुढे बोलायचं तोंड, डाव्या बाजूला आकड्यावर टांगलेला एकुलता एक कान आणि उजवीकडे फिरवायचा दांडा. भिंतीला कान असतात म्हणतात ना? अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात, होग्लंडांच्या स्वयंपाकघरात तो कान मी होतो.

१९०९ साली गहू झकास पिकला आणि नेल्स होग्लंडने मला टपालाने मागवलं. विखुरलेल्या शेतांवर तारा ओढायला टेलिफोन कंपनीला कुठली सवड! मग अकरा शेतकऱ्यांनीच कुंपणाच्या खांबांवरून तार नेली. एकच तार, घरं अकरा. वारा सुटला की ती तार गुणगुणायची, आणि मी भिंतीवर डोळे मिटून ऐकत राहायचो. अजूनही स्वप्नात तेच ऐकू येतं.

गावातल्या एक्स्चेंजात तारा जोडून द्यायला मेबल बसायची. तिने वाजवलेली घंटी अकराही घरांत वाजायची. तीन आखूड म्हणजे गावाजवळच्या शेतावरच्या गुद्रूनची. दोन लांब, एक आखूड म्हणजे आमची, नेल्सची बायको सिग्ने हिची.

पण घंटी कुणाची का असेना, कान सगळ्या घरांत उचलला जायचा! आणि उचलला हे कबूल मात्र कुणी करायचं नाही. तोंडातून चुकून निघालंच, तर त्या बाईला रविवारी चर्चमध्ये मान वर करायची सोय उरायची नाही. एखादीचं लग्न ठरल्याचं सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी चर्चच्या पायरीवर बायका "अगंबाई, हो का!" म्हणून डोळे विस्फारायच्या. अळीमिळी गुपचिळी. सिग्नेला मात्र कोण ऐकतंय ते बरोबर कळायचं. कुणाचा दमा, कुणाच्या पिंजऱ्यातला पक्षी, आणि गुद्रूनचं ते लंगडं घड्याळ, टिक... टकटिक.

एक खोड मात्र आमच्या तारेत होती. जितके कान उचलले जातील, तितका आवाज पातळ व्हायचा. पाहुणे वाढले की रश्शात पाणी वाढतं, तसंच.

एक खूप लांब घंटी वाजली, की ती सगळ्यांसाठी. तशा घंटीवर शतकच माझ्यातून वाहत गेलं म्हणा ना. एकदा मेबलने सांगितलं, बायकांना मताचा हक्क मिळाला. नेल्स म्हणाला, "झालं! आता या घरात दोन मतं."

सिग्ने कणीक तिंबता तिंबता म्हणाली, "दोन होतीच. आता सरकारला कळतील, एवढंच."

पुढे एका लांब घंटीला गावातली बँक बंद पडल्याचं कळलं. धुळीची वर्षं आली, भर दुपारी कंदील लावावा लागायचा, आणि माझ्या तोंडात इतकी माती जायची की सिग्ने कोंबडीच्या पिसाने ती काढायची. मग विजेचे खांब आले. पहिल्या दिवशी नेल्स, एवढा बाप्या माणूस, बटण खालीवर करत राहिला होता.

आणि आइनार मोठा झाला. सिग्नेचा एकुलता एक. त्याला गहू नको होता, डेट्रॉइटच्या मोटारींच्या कारखान्यात जायचं होतं. एके सकाळी माझ्यासमोरच मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं.

"गेलास तर हे दार तुला बंद," सिग्ने म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. तो बाहेर पडताच तिने दार असं आपटलं, की माझ्या घंटा आपोआप किणकिणल्या. मग ती खिडकीच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिली. ते मी पाहिलं. तिने कधी कुणाला सांगितलं नाही, पत्रही धाडलं नाही. दोघंही एकाच मुशीतले, हट्टी! तो कारखान्यातून परस्पर फौजेत गेला.

१९४४च्या मार्चमधली दुपार. दोन लांब, एक आखूड.

"सिग्ने, सॅन फ्रान्सिस्कोहून आइनार आहे," मेबल म्हणाली. "आज बोटीवर चढतोय. तीनच मिनिटं मिळतील, बोल लवकर."

आणि मला जाणवलं, तारेवर एकेक कान उचलला जात होता. दमा आला, पक्षी आला, घड्याळ आलं. वाईट मनाने नाही हो! त्या सगळ्यांच्या अंगाखांद्यावर पोरगं वाढलं होतं. पण दीड हजार मैलांवरून आलेला आवाज तो किती, आणि वाटेकरी किती! माझ्यापर्यंत नुसती कुजबूज आली. "आई" एवढं कळलं. पुढे नुसती खरखर.

"काय? मोठ्याने बोल रे! काय म्हणालास?" सिग्ने माझ्या तोंडाला तोंड लावून ओरडत होती. "ठेवा गं फोन सगळ्यांनी," एवढंच म्हणायला हवं होतं. पण ते म्हणणं म्हणजे साऱ्या शेजाराला चोर म्हणणं. शब्द तिच्या ओठांवर आला, आणि तिने गिळला. तीन मिनिटं संपली.

त्या उन्हाळ्यात पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावरच्या लढाईत आइनार मारला गेला.

शेजारणी केक घेऊन आल्या, गळ्यात पडून रडल्या. तो काय म्हणाला, हे सिग्नेने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गुद्रून दर गुरुवारी कॉफीला यायची. काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि त्यात बिस्किट घालायची. सिग्ने मात्र रोज दुपारी मला पुसायची आणि माझा कान उगाच आपल्या कानाला लावून उभी राहायची. लाकडाच्या पेटीला काळीज नसतं म्हणे. मग मला इतकं दुखायचं कुठे?

बारा वर्षं गेली. नेल्सही गेला. १९५६त गावात आकडे फिरवायचे काळे फोन आले, प्रत्येक घराला आपली आपली तार. जुनी लाइन तोडायच्या दिवशी दुपारी मेबलने शेवटची लांब घंटी वाजवली.

"मंडळी, पाच वाजता ही तार बंद. सत्तेचाळीस वर्षं तुमचं सगळं ऐकलं, कुणाला काही सांगितलं नाही. नीट राहा सगळे."

ती गेली. पण फोन कुणीच ठेवेना. सगळ्यांचे नुसते श्वास. टिक... टकटिक. मग एक बारीक, लांबचा आवाज आला.

"सिग्ने... त्या दिवशी... आइनार..."

"कोण? गुद्रून? मला ऐकू येत नाहीये गं!"

आणि खट्ट. कुणीतरी फोन ठेवला. पुन्हा खट्ट. दमा गेला. पक्षी गेला. खट्ट, खट्ट, एकेक घर आपणहून बाजूला होत गेलं, आणि तार मोकळी होत गेली. शेवटी उरलं फक्त घड्याळ, आणि गुद्रून जणू याच स्वयंपाकघरात उभी राहून बोलू लागली.

"मी ऐकत होते गं. माझं घर गावाजवळ, मला सगळं कळलं. आम्ही फोन ठेवला असता तर तुलाही कळलं असतं. बारा वर्षं जीभ रेटली नाही."

"तुझं घड्याळ मला तेव्हाही ऐकू येत होतं," सिग्ने म्हणाली. "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, आई, तू दार आपटलंस तेव्हा फाटकापाशी मी मागे वळून बघितलं. तू पडद्यामागे उभी होतीस. मला दिसलीस. तेवढं मला पुरलं, मी कधीच रागावलो नव्हतो."

सिग्नेने आपलं कपाळ माझ्या लाकडावर टेकलं. ती ढसाढसा रडली. मग भडकली, "अगं मेले, मग तेव्हाच सांगायचं नाहीस?"

"चोरून ऐकलेलं कुठल्या तोंडाने सांगू?"

"मी तरी कुठे विचारलं!" सिग्ने म्हणाली. मग म्हणाली, "परत सांग."

पाच वाजेपर्यंत गुद्रूनने ते सात वेळा सांगितलं. आठव्यांदा "आई" म्हणाली, आणि तार गेली.

पुढे मी धान्याच्या कोठारात पडून राहिलो. कुणी माझ्या पोटात रेडिओ बसवला, पुन्हा काढला. आता सिग्नेच्या भाचीच्या नातीने मला फार्गो शहरातल्या आपल्या घरी शोभेला लावलंय. जेवताना चौघांच्या हातांत चार चपटे फोन असतात, आणि चोरून ऐकायलासुद्धा कुणाला फुरसत नसते.

मला अजून वाजता येतं, कुणी दांडा फिरवला तर. पण माझं मागणं एवढंच, कुणाचं निरोपाचं बोलणं चाललं असेल तर आपला फोन खाली ठेवा. आणि चुकून ऐकलंतच, तर लाज गिळा आणि पाच वाजायच्या आत ज्याचं त्याला सांगून टाका.