मनगट आणि कोपर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पन्नाशी-साठीच्या बायका, प्रत्येकीच्या मांडीवर थेंब भरून न्यायला रिकामी बाटली. व्यासपीठावर ‘अस्थिगुरू’ एका बाईचा आडवा धरलेला हात दाबत होते. हात लगेच खाली आला.

“पाळी गेली, संप्रेरकं आटली, आतड्यातले जंतू माजले, रक्तातले शिपाई बिथरले आणि हाडं कुरतडू लागले. आता माझ्या थेंबांचा एकच घोट.” बोलणं इतकं गुळगुळीत, की ऐकणाऱ्याचा पाय घसरावा.

बाई प्यायली. गुरूंनी पुन्हा हात दाबला. तो हलेना. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शिंपीणबाई नुसत्या बसून होत्या. या थेंबांपायी थोरल्या बहिणीने हाडांचं सहामाही इंजेक्शन चुकवलं, आणि परवा बादली उचलताना तिचा मणका दबला. थेंब शिंपीणबाईंनीच तिला आणून दिले होते. आता डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणत होते आणि बहीण नवी बाटली मागत होती. शिंपीणबाईंना रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. आत सगळं बधिर झालं होतं.

दुसरी बाई वर चढली. बाह्या मापण्यात जन्म गेलेली नजर आपसूक गुरूंच्या बोटांवर गेली. घोटाआधी बोटं मनगटावर, घोटानंतर कोपराच्या वर. तिसरीलाही तेच. शिंपीणबाई बाटली न भरताच उठल्या.

दवाखान्यात डॉक्टर बहिणीच्या खाटेशीच होते. “जंतूंचं तो सांगतो ते खरं का हो?” शिंपीणबाईंनी विचारलं.

“अर्धं. संप्रेरक घटलं की आतड्याचं अस्तर सैल पडतं, तिथल्या जंतूंमुळे रोगप्रतिकारक पेशी चेकाळतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना चेव येतो. उंदरांत हे दिसलंय, माणसांत तपासणं चालू आहे. त्याच्या थेंबांनी हाड भरल्याचा पुरावा नाही.”

“मग त्या बायकांच्या हातात बळ कुठून आलं?” बहीण फणकारली.

शिंपीणबाईंनी खाटेवर हात आडवा धरला. “ताई, तूच खाली ओढ. आधी मनगटाला धर.” हात खाली आला. त्या नळाचं पाणी प्यायल्या. “आता कोपराच्या वर धर, तेवढ्याच जोराने.” हात हलला नाही.

“खांद्यापासून लांब जोर लावला की हात पडतो, जवळ लावला की टिकतो. थेंबांचा काही संबंध नाही,” शिंपीणबाई म्हणाल्या.

बहिणीने तिचा हात सोडला. “हे तुला तेव्हाच का नाही दिसलं?”

“मला ते खरं हवं होतं, म्हणून. उद्या तिथल्या बायकांना सांगणार आहे, की पटलं तरी एकदा स्वतः करून बघा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.”

बहिणीने इंजेक्शनसाठी बाही वर केली.