जहाजाचं दार

"दार बघायचंय ना? बघा. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही."

म्हातारी दारात आडवी उभी होती. बाहेर कप्तान, त्याच्यामागे स्मारक समितीचे दोघं, आणि सगळ्यांच्या मागे मान खाली घालून तिचा स्वतःचा मुलगा. तिला सगळ्यांत जास्त राग त्याचाच आला. या लोकांना घर दाखवायला हाच शहाणा घेऊन आला होता.

कप्तानाने लोखंडी दारावर तळहात टेकला. वरच्या बाजूच्या जाड गोल काचेवरून बोटं फिरवली. त्याचे डोळे भरून आले. भरू देत, म्हातारी मनात म्हणाली, रडायला काय जातंय!

"याच जहाजावर माझी पहिली नोकरी," तो म्हणाला. "पेटलेल्या बोटीवरची सगळी माणसं आम्ही भर वादळात उतरवून घेतली होती. त्यात आमचे नऊ जण गेले. आज कुणाला नाव तरी माहीत आहे का त्या जहाजाचं? म्हणून धक्क्यावर स्मारक बांधतोय. दगडी खोली, आत त्या नऊ जणांची नावं, आणि खोलीला हे दार. जहाजाचं एवढंच उरलंय, बाई. बाकी सगळं भंगारात गेलं."

"ते मला नका सांगू. ते जहाज तोडणाऱ्यांत माझा नवरा होता."

कप्तानाने हात चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"आई," मुलगा मागून पुटपुटला, "आमच्या साहेबांनी शब्द टाकलाय. बदल्यात नवं दार देतायत. चांगलं पॉलिशचं."

मुलगा बंदराच्या कचेरीत कारकून. साहेब म्हणाले की याची मान आपोआप हलायची.

"तू गप्प रहा रे. देते मी दार," म्हातारी म्हणाली, "पण त्या नऊ नावांच्या खाली ह्याच्या बापाचं नाव घाला. तोही त्याच जहाजावर मेला."

समितीचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. कप्तानाचा चेहरा लालबुंद झाला.

"माणसं वाचवताना मेलेल्यांच्या शेजारी जहाज तोडणाऱ्याचं नाव? आमच्या जहाजाचे ज्याने तुकडे केले, त्याचं? बाई, मारेकऱ्याचं नाव कुणी कोरतं का स्मारकावर?"

"मग चालायला लागा."

तिने दार त्याच्या तोंडावर लोटलं आणि आतून अडसर सरकवला. करकर आवाज झाला. सगळ्या गल्लीला तो आवाज ओळखीचा होता.

आता हे दार तिच्याकडे आलं कसं? लग्न होऊन ती आली तेव्हा या खोलीला दारच नव्हतं, गोणपाट लटकत होतं. नवरा जहाजतोडीच्या आवारात गॅसकटर चालवायचा. "थांब गं, तुला दार आणतो ते जहाजाचंच आणतो. तोफ आणली तरी फुटायचं नाही," असं रोज म्हणायचा. त्या जहाजावर त्याने एका केबिनचं दार हेरूनही ठेवलं होतं. ते काढायच्या आधीच वरचा पत्रा निसटला आणि त्याखाली सापडून तो गेला.

आवाराचा मालक दहा माणसं घेऊन भेटायला आला. काय हवं ते माग म्हणाला. पदरात तान्हं मूल, आणि ही म्हणाली, "दार." दुःखाने बाईचं डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. फिरलं बिरलं काही नव्हतं. गोणपाट बाजूला सारून कोण कोण डोकावेल हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याच्या सोबत्यांनी त्याने हेरलेलं तेच दार आणून बसवलं आणि आतून हाताएवढा जाड अडसर वेल्डिंग करून दिला.

तेव्हापासून तिचा एकच नियम. कुणीही दार वाजवलं की आतून विचारायचं, "कोण?" पूर्ण नाव सांगितल्याशिवाय अडसर हलत नसे. रात्री अपरात्री काचेशी येणारी तोंडं नाव विचारलं की पसार व्हायची. नियम मुलालाही होता. शाळेतून आला की त्याला बाहेर उभं राहून स्वतःचं, बापाचं आणि आडनाव असं खणखणीत सांगावं लागे. गल्लीतली पोरं वेडावून दाखवायची. नोकरी लागल्यावर तो नुसतं "मी" म्हणायला लागला. तिला ते लागलं होतं, पण मोठा झाला म्हणून तिने सोडून दिलं.

ती एका दवाखान्यात आया होती. कप्तान येऊन गेल्यावर आठवड्याभरातच ती सकाळपाळी करून परतली, तर दाराच्या जागी पॉलिशचं नवंकोरं दार चकाकत होतं. बिजागऱ्या गॅसने कापल्याचे काळे डाग चौकटीवर तसेच होते.

"मी तुझ्या भल्यासाठीच..." मुलगा म्हणाला.

"माझ्याशी बोलायचं नाही," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती एकटीपुरतं रांधायची, एकटीच जेवायची. पोटच्या पोराने पाठीत सुरा खुपसल्यावर तोंडात घास तरी कसा फिरणार?

उद्घाटनाला ती जाणार नव्हती. पण गेली. दवाखान्याची साडी नेसूनच गेली आणि सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली. कप्तानाने तिला बघून न बघितल्यासारखं केलं. भाषणात तो म्हणाला, की काही अडाणी लोकांनी या दाराची विटंबना केली, त्याला आतून अडसर ठोकला. तो निघाला नाही, दगडात त्याच्यासाठी खोबण ठेवावी लागली, त्याबद्दल क्षमस्व. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दार दिल्याबद्दल मुलाच्या हातात पुष्पगुच्छ दिला.

पाहुण्यांनी फीत कापली, दार ढकललं. तेवढ्यात म्हातारी उठली. "सरका जरा," असं म्हणून पाहुण्यांच्या बगलेतून ती आत शिरली, आणि आतून दार लोटून घेतलं.

करकर आवाज झाला.

आत ओल्या चुन्याचा वास होता. दिव्याखाली दगडावर नऊ नावं. तिने ती एकेक अक्षर लावून वाचली. चांगली माणसं असतील बिचारी, त्यांच्याशी तिचं भांडण नव्हतं. नवव्या नावाखाली हातभर जागा कोरी होती. जागा होती तर! तिच्या अंगाची लाही लाही झाली.

बाहेरून दारावर धपाधप बुक्के बसले.

"कोण?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? मी! बाई, हा काय तमाशा लावलाय?"

"मी कोण?"

कप्तानाने दातओठ खात आपलं नाव सांगितलं, हुद्द्यासकट.

"असेल. मी नाही ओळखत."

गर्दीत हशा पिकला. कप्तान किंचाळला, "फोडा ते दार!"

"लोखंडी आहे साहेब," कुणीतरी म्हणालं, "गॅसकटरवाला आणावा लागेल."

हशा जागच्या जागी थांबला.

मग काचेत मुलाचं तोंड दिसलं. घामाने डबडबलेलं.

"आई, मी आहे. उघड."

"मी कोण?"

"आई, सगळे बघतायत. माझे साहेब आहेत इथे."

"असू देत. मी कोण?"

त्याने मागे वळून पाहिलं. साहेब त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. त्याने पुष्पगुच्छ खाली ठेवला, निवेदकाच्या हातातला माईक घेतला आणि शाळेतून आल्यावर सांगायचा तसं पूर्ण नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. मधलं नाव सांगताना त्याचा आवाज चिरकला, म्हणून ते त्याने पुन्हा सांगितलं. कर्ण्यांतून ते अख्ख्या धक्क्यावर ऐकू गेलं, उभ्या असलेल्या जहाजांपर्यंत गेलं.

आतून अडसर सरकल्याचा आवाज आला.

म्हातारी बाहेर आली. कप्तानाकडे तिने पाहिलंही नाही. कामावर निघताना रोज करायची तसं दार ओढून घेतलं, नीट लागलंय ना म्हणून तळहाताने एकदा दाबून बघितलं.

"चल," ती मुलाला म्हणाली, "भात टाकायचाय अजून."