उन्हातला पूर

आधी लाडकीला पावसाचं विचारायचं आणि मगच घराबाहेर पाऊल टाकायचं, अशी नवापुरात रीतच पडून गेली होती. बाई दारात उभी राहायची, कपाळावर हात धरून दर्याकडं बघायची आणि सांगून मोकळी व्हायची. बहुतेकदा खरंही ठरायचं. त्यामुळं तिचा तोरा भलताच वाढला होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचा.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. माळावर मजुरांच्या झोपड्या उठल्या होत्या. लाडकी सकाळी मासळीची पाटी घेऊन तिकडं जायची. दसरा झाल्यावर तिनं सून शालूलाही सोबत न्यायला सुरुवात केली. शालू सातपाटीची, लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. लाडकी तिला दिवसभर टोचून बोलायची आणि जेवताना बोंबलाचा चांगला तुकडा गुपचूप तिच्याच ताटात सारायची. माया बोलून दाखवणं तिच्या जिवावर यायचं.

त्या दिवशी दुपारी मासळी संपली. डोंगरातून खडी फोडायला आलेली नवसी शेवटचे बोंबील पदरात घेताना म्हणाली, "बाय, ओहोलात थांबू नका. डोंगरावर पाऊस हाय."

लाडकी हसली. "तुमचा डोंगुर तुमाला. आमचा पाऊस दर्यावरून येतो."

परतीच्या वाटेवर तो ओहोळ लागायचा. पाणी जेमतेम घोट्याइतकं. घरची विहीर मचूळ, म्हणून पाट्या इथंच गोड्या पाण्यात घासायच्या हा लाडकीचा नेम. शालू काठावरच थांबली. पूर्वेला आभाळ काळंकुट्ट झालं होतं, मधूनच गडगडत होतं.

"आये, आज पाट्या घरीच धुवू. ती बाय काय बोलली, ऐकलं ना?"

लाडकीनं सवयीनं पश्चिमेकडं तोंड फिरवलं. दर्यावर लख्ख ऊन, ढगाचा ठिपका नाही. आषाढ-श्रावणात एवढं बघणं पुरतं. दसऱ्यानंतरचा पाऊस मात्र दुपार कलली की डोंगराकडून उतरतो. हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण जन्मभर तोंड पाण्याकडं आणि पाठ डोंगराकडं, मान दुसरीकडं वळतच नव्हती. त्यात खडी फोडणाऱ्या बाईचं ऐकायचं म्हणजे कमीपणा.

"दर्या बघ आनि गप घास. कामाचा कंटाळा नको करू."

शालूनं नाक मुरडलं, पण गेली. दोन्ही पाट्या घेऊन मधल्या खडकावर बसली. लाडकी पलीकडं चढून चिंचेखाली टेकली, पानाला चुना लावू लागली. एवढ्यात वरच्या अंगाला काहीतरी घुमलं. तिला वाटलं, कामावरचा ट्रक असेल. मग वळणावरून पाणीच आलं, तांबडं, पुरुषभर उंच, झाडंझुडपं घेऊन. डोक्यावर अजून ऊन होतं. लाडकी हाका मारत धावली. शालू उठून उभी राहिली, सासूकडं तिनं एकदाच बघितलं, आणि पुढच्या क्षणी तिथं खडकही दिसेना.

दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी ती सापडली.

सातपाटीहून विहीण आली. लेकीच्या उशाशी बसून तिनं ऊर बडवून घेतला. लाडकीचा मुलगा जिवल्या भिंतीला टेकून बसला होता. काय घडलं ते त्यानं आईला अजून विचारलं नव्हतं. रडून रडून थकल्यावर विहीण म्हणाली, "लहानपनापासून हट्टी माझी पोर. तुमी हाका मारल्या असतील, विहीणबाय, पन ती कुनाचं ऐकायचीच नाय."

बायकांनी माना डोलावल्या. जिवल्यानं आईकडं बघितलं. लाडकीला काहीच करावं लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहिलं की झालं. सगळा दोष पोरीच्या माथी गेला असता आणि लाडकी सुटली असती. तिला सुटावंसं वाटलंही, अगदी मनापासून वाटलं. पण समोर ती पोर निजली होती, आणि आता तिच्या बाजूनं बोलायला लाडकीशिवाय कोणी नव्हतं.

"नाय वो," ती म्हणाली. "तिला पान्यात उतरायचंच नव्हतं. तिनं माझं ऐकलं."