मागच्या बंपरचा पोचा

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये पंजाबरावांनी गाडी मागे घेतली आणि मागचा बंपर खांबाला धडकला. आवाज फारसा झाला नाही. पण शेजारी बसलेल्या जनकाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

एकतीस वर्षं ते एसटीचे ड्रायव्हर होते. गाडी कधी कुठे ठोकली नाही. बाभळीची फांदी आरशाला घासली तरी डेपोत उतरल्यावर आधी कागदावर लिहून द्यायचे, मग चहा.

"डॉक्टरनं काय सांगतलं?" जनकाबाईंनी विचारलं.

"काही नाही. अशक्तपणा हाये. गोळ्या देल्ल्या."

"मंग गाडी कशी काय ठोकली तुमी?"

जनकाबाईंच्या रिपोर्टचं पाकीट त्यांनी शर्टाच्या आत घातलं होतं. ते काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं आणि डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगितलं. जनकाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोच्याचं विमा कंपनीले कळवून टाका. अन् पोरीलेही सांगा."

"एवढ्याशा पोच्यासाठी काऊन कळवाचं?" ते म्हणाले. पोरीबद्दल बोललेच नाहीत.

ती जुलैची सतरा तारीख. पोरीला, पुष्पांजलीला, त्यांनी दिवाळीत सांगितलं, तेही 'आईचं दुखणं आत्ताच निघालं तपासणीत' असं. संक्रांतीच्या आधी जनकाबाई गेल्या.

आता मार्चमध्ये पुष्पांजली आईचे कपडे आवरायला पुण्याहून आली होती. आदल्याच दिवशी अमडापूरच्या बाजारात कोणाच्या तरी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे आली आणि पंजाबरावांच्या गाडीचा मागचा दिवा फुटला. विम्याचा एजंट भागवत गाडीमागे उकिडवा बसून फोटो काढत होता. पुष्पांजली पायरीवर बसून मोबाईलवर अर्ज भरत होती.

"काका, हा पोचा तं जुना दिसते," भागवत म्हणाला. "हा तवाच काऊन नाही कळवला?"

"राहून गेलं."

"सर्व्हेअर येईन तं हेच विचारीन. ताई, दोन्ही कालचंच लिव. ट्रॉली लागली अन् झालं. कोण पाह्यते?"

पुष्पांजलीनं बापाकडे पाहिलं. "लिहू का, बाबा?"

मान हलवली असती तरी भागलं असतं. पंजाबराव पोच्याकडे पाहत उभे राहिले.

"खोटं नाही लिवाचं," ते म्हणाले. "तो पोचा येगळा लिव."

"घ्या!" भागवत हसला. "काका अजून डेपोतच हायेत!"

"तारीख सांगा, बाबा."

"सतरा जुलै."

"कुठं?"

"बुलढाण्याले. दवाखान्याच्या पार्किंगमधी."

"जुलैत दवाखान्यात? कशाले?"

"तुह्या मायचा रिपोर्ट आणाले गेलतो."

तिचा अंगठा थांबला. भागवतचं हसूही थांबलं. फोन येऊन राह्यला म्हणत तो फाटकाबाहेर गेला. फोन वाजला नव्हता.

"तुम्ही तं दिवाळीत म्हटलं, आत्ता निघालं म्हणून."

"हो."

"गणपतीत मी आली नाही, बाबा. आई फोनवर म्हणे, ये ना दोन दिवस. मी म्हटलं, सुट्टी नाही."

"मालूम हाये."

"मालूम हाये?" तिचा आवाज चढला. "मी चार दिवस गोव्याले गेलती तेव्हा! अन् तुमाले आईचं मालूम होतं? आईनं म्हटलं नाही, पोरीले सांगा म्हणून?"

नाही म्हटलं असतं तर दोष दोघांत वाटला गेला असता.

"म्हटलं. तिथंच, गाडीत बसल्या बसल्या. मीच नाही सांगतलं."

"काऊन?"

पंजाबरावांनी बंपरवरची धूळ हातानं पुसली. पुष्पांजलीनं मोबाईल पायरीवर ठेवला आणि ती आत गेली. थोड्या वेळानं आईच्या कपड्यांच्या पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

पंजाबरावांनी मोबाईल उचलला. तारीख भरली होती, ठिकाणही भरलं होतं. खाली विचारलं होतं, धडक कशामुळे झाली. डेपोत असल्या जागी ते एका ओळीत लिहायचे. फांदी लागली. दगड उडाला. ब्रेक लागला नाही. ते वाचत बसले तोवर मोबाईल विझला.

पुष्पांजली परवा सकाळच्या गाडीनं पुण्याला जाणार आहे. भागवतचे दोन फोन येऊन गेले. तेवढी एक ओळ अजून लिहायची राहिली आहे.