बिनखोल्यांचं घर

मुलांनो, डोळे मिटा आणि एक लांबरुंद घर मनात उभं करा. चारी बाजूंना दगडी भिंती, वर नवे पत्रे. पण आत एकही खोली नाही. अशा घराच्या मधोमध नर्स चिमाबाई आपल्या सात वर्षांच्या साळूचा हात धरून उभी होती.

"मिस्त्री, खोल्या कुठं हायेत?"

"कसल्या खोल्या?" दिलावर मिस्त्री गिलावा करता करता म्हणाले. "शेठ म्हणले, नोकरीवाल्या बायांना ऱ्हायला जागा बांध. बांधली. कितीबी बाया झोपू द्या!"

गोष्ट एकोणीसशे पंचावन्न सालची. परगावाहून जुन्नरला नोकरीला आलेल्या नर्सला, शिक्षिकेला कुणी खोली देत नसे. एकटी बाई म्हटली की दार बंद. म्हणून सुगनचंद शेठांनी हे घर बांधायला काढलं. मन मोठं, पण त्यांच्या घराण्यानं आजवर फक्त धर्मशाळा बांधलेल्या. वाटसरू येतो, रात्रभर पाठ टेकतो, पहाटे निघून जातो. त्याला एक दालन पुरतं. हे घरही तसंच उठलं.

नवरा गेल्यापासून चिमाबाई दवाखान्यात नोकरी करत होती आणि साळू आणे गावी मामाकडे वाढत होती. वेगळी खोली मिळेल या आशेनं तिनं आज साळूला सोबत आणलं होतं. पण शेठांनी आधीच बजावलं होतं, सगळ्यांच्या दालनात लेकरू नको, बाकीच्यांची झोपमोड होईल. म्हणजे साळूला आजच्याच एसटीनं परत आण्याला धाडणं आलं.

तेवढ्यात शेठांच्या पत्नी मोहनबाई काम बघायला आल्या. "कसं वाटलं घर, नर्सबाई?"

चिमाबाई रात्रपाळी करून आली होती. तिथंच जमिनीवर आडवी झाली. पलीकडे छिन्नी वाजत होती, घमेली आपटत होती, गवंडी खिदळत होते.

"अगं बाई! भोवळ आली का?"

"न्हाई, शेठाणीबाई. झोपून बघतीय. वाटसरू एक रात काढतो. मला रोज दिसा झोपायचंय, आन तवाच बाकीच्या रांधणार, बोलणार. त्यात लेक कुठं ठिवू?"

मोहनबाई चक्क तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या. "भरल्या घरात लग्न होऊन आले मी," त्या हळूच म्हणाल्या, "पण लावून घ्यावं असं एक दार मलाही कधी मिळालं नाही." आणि मान वर करून, "मिस्त्री, आडभिंती घाला. प्रत्येकीला वेगळी खोली."

"आता? पत्रे चढले, बाईसाहेब! शेठ मला फाडून खातील."

"शेठांचं मी बघते. तुम्ही विटा मागवा."

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. "आमची बायकू नूरबी पहिल्याच दिशी म्हणली व्हती, दारं किती ठिवली? म्या म्हणलं, तुला काय कळतंय, गप बस!"

चिमाबाई हसत उठून बसली. खूप दिवसांनी हसली.

दिवाळीच्या आत भिंती उठल्या, चुना लागला, आणि साळू तिच्या पत्र्याच्या पेटीसकट आण्याहून आली. दुसऱ्या दिवशी चिमाबाई रात्रपाळीहून परतली, साळूच्या केसांवरून हात फिरवला आणि पाठ टेकताच गाढ झोपली.

दुपारी सुगनचंद शेठ पाहुण्यांना घेऊन आले. "हे बघा, इकडं आपण..." त्यांचा खणखणीत आवाज ओसरीभर घुमला.

साळू खोलीबाहेर आली. तिनं मागं दार अलगद ओढून घेतलं, त्याला पाठ लावून बसली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती शेठांना म्हणाली. "आमच्या घरात माणूस झोपलंय."