आबांवर राज्य

छकुलीला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, तिचं तोंड उघडत नव्हतं. पिंपळीहून शाळेची गाडी तिला रोज बारामतीला न्यायची, आणि ही सात वर्षांची पोर वर्गात दिवसभर मुकी बसून तशीच परत यायची. परवा टीचरनं तिच्या आईला, म्हाळसाला, बोलावून हे सांगितलं, तेव्हापासून म्हाळसाच्या जिवाला घोर लागला होता.

तिनं मोबाइलवर बघून खेळ सुरू केले. "ब्रिंग मी अ स्पून" म्हटलं की छकुली चमचा आणायची, "ओनियन" म्हटलं की कांदा. सगळं बरोबर, पण ओठांना कुलूप. "आता तू सांग, मी आणते," म्हटलं की मान हलवायची.

"तुला समदं येतंय. माझं चुकलं तर?"

चूक पकडणारंच कुणी समोर नको, म्हाळसाच्या ध्यानात आलं. इंग्रजीचा गंध नसलेलं घरात एकच माणूस होतं, तिचे सासरे गेणबा, छकुलीचे आबा. पण आबांना हुकूम सोडायचा? त्यांच्यापुढे भावकीत कुणी ब्र काढत नसे, आणि स्वतःची चूक त्यांनी उभ्या जन्मात कबूल केली नव्हती. तरी तिनं भीत भीत विचारलंच. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"येऊ दे माझ्यावर राज्य," ते नातीला म्हणाले.

"सिट डाऊन," छकुली पुटपुटली. आबा उभे राहिले.

"न्हाय आबा, बसा म्हणलं मी."

"व्हय का? चुकलं माझं."

म्हाळसा ऐकतच राहिली. लग्न होऊन आल्यापासून हे शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

आबा चुकत गेले, तसा छकुलीचा आवाज चढत गेला. नाकाला हात लावून झाला, गिरकी घेऊन झाली. "हँड्स अप"ला आबांनी दोन्ही हात वर केले, आणि नेमक्या तेव्हाच शेजारच्या दगडाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आबा, घरात पोलीस आलं का काय?"

छकुलीचा चेहरा पडला. परक्या माणसापुढं ती अशीच मिटून जायची. संपलं, म्हाळसाला वाटलं. आता आबा ओशाळून चिडणार आणि ही पोर पुन्हा बोलायची नाही.

आबांनी हात वरच ठेवले. "आमच्या मास्तरीणबाई सांगतील तवाच खाली," ते दगडाबाईंना म्हणाले. "त्याबिगर न्हाय."

त्यांचे म्हातारे खांदे थरथरायला लागले होते. छकुलीनं दगडाबाईंकडं पाहिलं, मग आबांकडं.

"हँड्स डाऊन, आबा," ती खणखणीत म्हणाली, आणि आबांचे हात खाली यायच्या आत म्हाळसाचे डोळे भरून आले.