आठ दहा ते आठ पंधरा

यंत्रवाले काकांनी गाड्या मोजायला रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळीवर बुटाची टाच दाणकन आपटली. खांबाला बांधलेल्या पेटीतला आकडा एकाने पुढे सरकला.

"बघा! ठणठणीत आहे. उगाच माझ्या यंत्राला नावं ठेवू नका, बाई."

"नावं कोण ठेवतंय, काका? पण रोज सकाळी आठ दहा ते आठ पंधरा, एकही गाडी नाही? या रस्त्यावर? आणि पुढच्या पाच मिनिटांत एकदम दुप्पट?"

"म्हणजे आधी झोपतं आणि उठून मागचं मोजतं, असंच ना? आणि रविवारी बरं जागं राहतं ते!"

इंजिनीयर बाईंनी घड्याळ बघितलं. रविवारचं आधी त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. काल काकांनी फोनवर ते ऐकवलं, तेव्हापासून त्यांना डाचत होतं, आणि म्हणूनच त्या आज इथे येऊन उभ्या होत्या.

रस्ता रुंद व्हायचा होता. कुणाला या रस्त्याची काय गरज आहे, ते शोधून काढायचं काम बाईंचं. एकटीच्या जबाबदारीवर मिळालेलं पहिलंच. त्यांनी ते डोळ्यांत तेल घालून केलं होतं. सहा आठवड्यांची मोजणी झाली, अपघातांच्या नोंदी झाल्या, तक्रारींची वही झाली. या ठिकाणी ना अपघात, ना तक्रार, ना कुणाचा अर्ज. म्हणून नकाशावर इथून सलग दुभाजक गेला होता, आणि रस्ता ओलांडायची जागा थेट एक किलोमीटर पुढे. मोजणीतली ती रोजची पाच मिनिटं त्यांनी यंत्राचा बिघाड समजून आजूबाजूच्या आकड्यांच्या सरासरीने भरून टाकली होती. ऑफिसात सगळेच तसं करतात. आज दुपारी त्या अहवालावर त्यांची सही व्हायची होती.

आठ वाजून दहा मिनिटं झाली. समोरून भरधाव येणारी बस हळू झाली आणि थांबली. तिच्यामागे ट्रक, ट्रकमागे मोटारी. पलीकडच्या बाजूलाही तेच. सिग्नल नाही, पोलीस नाही, शिट्टी नाही. मग एकेक इंजिन बंद होत गेलं. इतक्या मोठ्या रस्त्यावर बाईंना काकांचा श्वास ऐकू येऊ लागला.

"काय झालं हो?" काका कुजबुजले.

डाव्या हाताच्या जुन्या इस्पितळाचं फाटक उघडलं आणि एक स्ट्रेचर बाहेर आलं. मागून दुसरं, तिसरं, चौथं. पांढऱ्या चादरी, वर धरलेल्या सलाईनच्या बाटल्या. एका टेम्पोवाल्याने खाली उतरून रस्त्यातल्या खड्ड्यावर फळी टाकली आणि ती हलू नये म्हणून दोन्ही पायांनी दाबून उभा राहिला. पहिल्या स्ट्रेचरवरच्या म्हाताऱ्याला बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात केला. म्हाताऱ्याने सुई लावलेला हात जरासा उचलला.

शेकडो माणसं कामाला उशीर होत असताना बसली होती आणि एकानेही हॉर्न वाजवला नव्हता. बाईंना गहिवरून आलं. आणि लगेच आपला अहवाल आठवला. हे सगळं आपण पुसून तिथे गाड्या भरल्या.

स्ट्रेचर पलीकडच्या नव्या इमारतीत शिरली. इंजिनं सुरू झाली, पेटीतले आकडे धावू लागले. स्ट्रेचर पोचवून फाटकापाशी परतलेल्या सिस्टरकडे बाई धावतच गेल्या.

"ऑपरेशन थिएटर तिकडे गेलं, वॉर्ड इकडेच राहिले," सिस्टर म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली. रविवार सोडून रोज. परत आणतो ते रात्री, रस्ता मोकळा असतो तेव्हा."

"नऊ वर्षं! मग तुम्ही कधी अर्ज नाही केलात? सिग्नल, पूल, काहीतरी?"

सिस्टरना प्रश्नच कळला नाही. "कशाला? सगळे थांबतात की."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. साहेब होते.

"अहो, अहवाल तयार आहे ना? ती यंत्राची भानगड मिटली?"

"यंत्र बरोबर होतं, साहेब. चूक माझी आहे. सहा आठवडे रोजची पाच मिनिटं मी माझ्या हाताने खोटी भरली. आज सही करणार नाही मी."

साहेब म्हणाले, "पुढचं काम तुमच्याकडे राहील असं समजू नका."

"हो, साहेब."

फोन ठेवून त्यांनी पिशवीतून मोजायचा टेप काढला. फाटकाच्या आत एक रिकामं स्ट्रेचर उभं होतं आणि एक मावशी त्याची चादर बदलत होत्या. दुभाजकात वाट सोडायची तर माप हवं होतं. बाईंनी लांबी घेतली, रुंदी घेतली, वहीत लिहिली.

"एवढ्यात नाही मावणार," मावशी म्हणाल्या.

"का हो?"

"शेजारून कुणीतरी चालतं ना. पेशंट हात सोडतच नाहीत."

बाईंनी लिहिलेला आकडा खोडला आणि टेप पुन्हा उघडला.

"या, मावशी," त्या म्हणाल्या, "इथे उभ्या राहा. हात धरल्यासारख्या."